तीज पिवळी पडली

त्या साली तीज पिवळी पडली आणि तांड्यात जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघायला लागला.

तीज म्हणजे काय ते तांड्याबाहेरच्या माणसाला थोडं सांगावं लागतं. श्रावणात आमच्या तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी वारुळाची माती आणतात, तिच्यात लेंडीखत कालवतात आणि छोट्या छोट्या दुरड्यांत गहू पेरतात. सगळ्या दुरड्या नायकाच्या दारापुढच्या माचीवर ठेवायच्या. सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत पाणी आणायचं आणि शिंपायचं. गोकुळाष्टमीपर्यंत गहू वीतभर होतो. मग रोपं उपटून थोरांच्या पागोट्यात खोवतात, उरलेली ओढ्यात बोळवतात. जिची तीज हिरवी तिचं सासर सुखाचं, असं आमच्याकडं मानतात.

पाणी मात्र कुठलंही चालत नाही. तांड्यात हातपंप येऊन बरीच वर्षं झाली होती, पिण्याचं पाणी सगळी घरं तिथूनच भरत. पण तिजेला पाणी झिऱ्याचंच लागतं. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून या वाटेनं जायचे, तेव्हा मुक्कामाला त्यांनी ओढ्याच्या काठाला एक खड्डा खणला आणि दगडांनी बांधून काढला. तोच आमचा झिरा. त्यात पाणी बारा महिने पाझरतं. पण हातपंप आल्यापासून तिकडं फारसं कोणी जात नसे. तिजेच्या पोरी जात, तेही श्रावणात. आणि रोज जात असे ती एकटी सोजराबाई.

सोजराबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर ती ओढ्याकाठच्या खोपटात एकटीच राहायची. लेकरूबाळ नव्हतं. तीन-चार शेळ्या, दारात वालाचा वेल, आणि तोंड असं की समोरचा माणूस आपली वाट बदलून जाई. हातपंपाचं पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही. "लोखंड उकळून प्यायला मी काय लोहाराची हाय व्हय?" म्हणायची.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन सहा-सात वर्षं झाली होती. कनेरगाव नाक्याच्या आजूबाजूला कापूस-ज्वारी मागं पडून सगळीकडं सोयाबीन आलं होतं. सोयाबीनबरोबर तणाचं औषध आलं. एकदा फवारलं की गवत बसतं आणि सोयाबीन तसंच उभं राहतं. खुरपणीला बाया शोधत फिरायची कटकट मिटली म्हणून सगळे खूश होते. मीही खूश होतो.

त्याच आषाढात एक पोरगी तांड्यात आली. नाव प्रतिक्षा. शिरड शहापूरच्या एका शेतकऱ्याची लेक, नांदेडला शिकत होती. नाक्यावर एसटीतून उतरायची आणि खांद्याला पिशवी लावून पायी यायची. पिशवीत रिकाम्या बाटल्या. हातपंपाचं पाणी तिनं भरलं, ओढ्याचं भरलं, एका विहिरीचं भरलं. झिरा तिला कोणी दाखवला नाही. ती आमच्या देवाच्या कामाची जागा.

आमचा नायक किसनसिंग माणूस बरा, पण सावलीवरही संशय घेणारा. त्यानं तिला पारावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "बाई, पाणी भरून नेता कुठं?"

"नांदेडला, तपासायला."

"काहून? आमच्या पाण्याला काय झालं?"

"तेच तर बघायचं हाय काका. काही झालं का न्हाई ते."

"म्हंजे काहीतरी झालं हाय, हे तुमाला घरून निघतानाच ठाऊक व्हतं."

ती हसली. तिला वाटलं, नायक मस्करी करतो आहे. पण नायक मस्करी करत नव्हता. कुठल्याशा शहराचा कचरा टाकायला सरकार जागा शोधून राहिलं आहे, अशी बातमी तेव्हा नाक्यावरच्या ढाब्यांत फिरत होती. आमच्या तांड्याला लागून गायरान आहे. आधी पाणी खराब म्हणून लिहायचं, मग जागा खराब म्हणायची, मग तिथं कचरा आणून ओतायचा, असा हिशेब किसनसिंगनं तिथल्या तिथं मांडला. मलाही तो पटला. मी तांड्याचा कारभारी. नायकाला पटलेलं मला बहुतेक वेळा पटायचं.

मग श्रावण आला. पोरींनी गहू पेरला. माझी नात मिना त्यांच्यात सगळ्यात पुढं होती, कारण दिवाळीनंतर तिला बघायला माणसं येणार होती.

गहू उगवला, बोटभर झाला आणि तिथंच थांबला. शेंडे पिवळे पडले, बुडाला जांभळट रंग चढला. एका दुरडीचं झालं असतं तर त्या पोरीनं लपून मीठ खाल्लं असेल म्हणून सोडून दिलं असतं, कारण तिजेच्या दिवसांत पोरींना मीठ वर्ज्य असतं. पण सगळ्याच दुरड्या तशा. नायकाची बायको मिराबाई माचीपाशी कपाळाला हात लावून बसली.

"याडी, मी न्हाई खाल्लं मीठ," मिना रडत म्हणाली. थोरल्या बाईला आमच्याकडं याडी, म्हणजे आई, म्हणतात.

"तू खाल्लं असतं तं तुझीच जळली असती बाई," मिराबाई म्हणाली. "हे साऱ्यांचं जळलं. कोन्याचा तरी हात लागला."

मग हात कोणाचा, यावर तांडा बोलू लागला. पहिला संशय प्रतिक्षावर आला. पण ती आषाढात आली होती आणि माचीजवळ फिरकली नव्हती. संशयाला लांबचं माणूस फार दिवस पुरत नाही. तो फिरून फिरून जवळच्या माणसावर येतो. झिऱ्यावर रोज कोण जातं? सोजराबाई. पोरी पाण्याला गेल्या की वरच्या दगडावर बसून बघतं कोण? सोजराबाई. तिची दोन करडं त्याच पंधरवड्यात मेली होती. ती कशानं मेली हे कोणी विचारलं नाही. करडं तिनंच कोणाच्या तरी नावानं बळी दिली, असं बायकांनी ठरवून टाकलं.

आणि ती माळ. सोजराबाईच्या दारावर चांदीसारख्या चकचकीत चकत्यांची लांब माळ लटकत होती. रुपयाएवढ्या पातळ चकत्या, वारा आला की किणकिणायच्या. आमच्या बायांच्या ओढणीला आरसे असतात, तशी ती दुरून दिसायची. आता ती जादूची झाली.

मी तिला विचारायला गेलो. खरं सांगायचं तर उंबऱ्याच्या आत गेलो नाही.

"भोजाई, ही माळ कशाची?"

"पाखरं वालाचं फूल खातात, त्यायला भ्यायला. तुला काय वाटलं, तुझ्या गळ्यात घालायची हाय?"

"चकत्या आणल्या कुठून?"

"झिऱ्याकाठच्या लव्हाळ्यात पडलेल्या असतात. रोज दोन-चार गावतात." मग ती थोडं थांबून म्हणाली, "पाण्यावर फेस येऊन राहिला थावरा. रॉकेलावानी वास मारते. फेस बाजूला सारून घागर भरते मी."

"मंग पिते काहून?"

"मंग कोन्तं पिऊ? पंपावर गेली की बाया घागरी उचलून बाजूला सरकतात. आता तं तूबी दारातूनच बोलून राहिला."

मी परत आलो. फेसाचं मला तेव्हा खरं वाटलं नाही. दोषी माणूस कशाकडं तरी बोट दाखवतोच, असं वाटलं.

संध्याकाळी किसनसिंगनं पारावर सांगितलं, तीज बोळवायच्या दिवशी नसाब बसेल. नसाब म्हणजे आमची पंचायत. सोजराबाईला तांड्यात ठेवायचं का नाही, ते तिथं ठरणार होतं. साठीच्या पुढची बाई. माहेर तेलंगणाच्या अंगाला, तिथं आता कोणी उरलं नव्हतं. तिला काढली असती तर ती नाक्यावरच्या एसटी थांब्यापलीकडं कुठं जाणार होती?

दुसऱ्याच दिवशी प्रतिक्षा पुन्हा आली. तिला पोरींनी दुरड्या दाखवल्या. ती खाली बसून रोपांचं बूड बघत राहिली, मग म्हणाली, "ह्याला पाणी कुठलं घालता?" पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी मिनानंच तिला झिऱ्यावर नेलं. मी मागून गेलो, ती काय टाकते ते बघायला.

तिनं काही टाकलं नाही. बाटली भरली, वास घेतला, लव्हाळ्यात हात घालून चाचपलं. येताना तिची नजर सोजराबाईच्या दारावरच्या माळेवर गेली. ती उभीच राहिली.

"मावशी, ह्या चकत्या कुठल्या?"

"तूबी जादू शिकायला आली का?" सोजराबाई म्हणाली.

"ह्या औषधाच्या डब्यायच्या हायत. झाकणाखाली असते ही चकती. डबा फोडला की ही काढून फेकतात." तिनं माळ हातात धरली. "लई डबे फुटले हायत इथं. कोणीतरी ह्या झिऱ्यावर औषध कालवून राहिलं, फवारणीचा पंप धुऊन राहिलं."

ती सरळ नायकाकडं गेली आणि सांगितलं. तणाचं औषध गवताच्या जातीला मारतं, गहूही गवताच्याच जातीचा, म्हणून गहू बसला.

किसनसिंग शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्या बाटलीचा निकाल कवा येते?"

"महिना लागेल."

"नसाब पाच-सहा दिवसांत हाय."

"मंग आपण इथंच बघू ना काका. दोन डबे घ्या. माती तीच, गहू तोच. एकाला झिऱ्याचं पाणी, एकाला हातपंपाचं. जे व्हईल ते समोर दिसंल."

पारावर कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, डबे हिचे नकोत, ती आधीच काही लावून आणील. कोणी म्हणालं, गहू नायकाच्या घरचा नको. शेवटी डबे किराणा दुकानातून आणले, गहू माझ्या घरचा घेतला, आणि तो मी बदलला तर नाही ना हे बघायला दोघं जण माझ्या कणगीपर्यंत आले. डबे सेवालाल महाराजांच्या देवळात कुलूप लावून ठेवायचे ठरले. कुलूप नायकाचं, किल्ली माझ्या करगोट्याला. दाराला उभ्या गजांची झडप होती, म्हणून उजेड बराबर येई आणि जाता-येता जो तो आत डोकावून जाई.

पाणी कोणी घालायचं, तेवढं राहिलं. किसनसिंगनं बराच विचार केला. तो म्हणाला, "हात बदला. झिऱ्याचं पाणी सोजराबाईनं घातलं आणि गहू जळला, तं पाणी वाईट का हात वाईट, हे कसं समजनार? झिऱ्याचं पाणी माझी बायको घालंल. हातपंपाचं सोजराबाई घालंल. सोजराबाईचा डबा जळला की समजायचं."

प्रतिक्षा त्याच्याकडं बघतच राहिली. "काका, हे मला सुचलं नसतं," ती म्हणाली. नायकाला सुचलं ते संशयापोटी. त्याची पक्की खात्री होती की सोजराबाईचाच डबा जळेल.

सोजराबाई आली, डब्यात ओंजळभर पाणी घातलं आणि मिराबाईला म्हणाली, "नायकीनबाई, घाला तुमीबी. पाणी डोईवरून आनलं का न्हाई? का पोरानं फटफटीवर आनून देलं?"

मिराबाईनं खाली बघत आपल्या डब्यात पाणी घातलं. तिचा पोरगा प्रेमदास गजांपाशी उभा होता. त्यानं मान वळवली. या प्रेमदासकडं तांड्यातला पहिला पेट्रोलचा फवारणी पंप होता. तांड्याचं आणि वरच्या गावचं निम्मं सोयाबीन तोच फवारायचा. पंप घेऊन फिरणारे वरच्या गावात आणखीही तिघं-चौघं होते, आणि ओढा सगळ्यांनाच जवळ. मी त्या वेळी वरच्या गावच्या पोरांवर संशय धरून बसलो होतो. आपल्या माणसाला सोडून संशय धरायला वरचं गाव नेहमीच सोयीचं असतं.

प्रेमदास त्या दिवसांत देवळाकडं जरा जास्तच फिरकायचा. एकदा मला म्हणाला, "काका, किल्ली देता का? उंदीर शिरला म्हनतात आत."

"उंदीर गजातून दिसंना मला."

"बारीक असंल."

"मंग बारीकच काम करंल," मी म्हणालो. किल्ली दिली नाही.

नसाबच्या दिवशी पारापुढं सगळा तांडा जमला. प्रतिक्षाही आली होती, बायकांच्या मागं उभी होती. मी कुलूप काढलं आणि दोन्ही डबे बाहेर आणून ठेवले.

सोजराबाईच्या डब्यातला गहू वीतभर नाही, पण चांगला दाट आणि हिरवा होता. मिराबाईच्या डब्यातला बोटभर वर येऊन बसला होता. शेंडे पिवळे, बूड जांभळट. माचीवरच्या दुरड्यांत होता तसाच.

मग मागून कोण्या बाईचा आवाज आला, "अगं बाई, म्हंजे हात नायकिनीचा..."

दोघी-तिघी हसल्या. तेवढं पुरे झालं. किसनसिंगचा चेहरा लाल झाला. बायकोच्या नावानं भर नसाबमध्ये हसणं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"हात कोनाचाच न्हाई आणि पानीबी वाईट न्हाई!" तो ओरडला. "हे सारं ह्या बाटलीवालीचं नाटक हाय. माझ्या आज्याच्या बापानं त्या झिऱ्याचं पानी पिलं. जनावरं पिली, तांडे पिले. आना रे तांब्या!"

मिराबाईनं डब्याला घालायला आणलेलं झिऱ्याचं पाणी घागरीत उरलं होतं. नायकानं स्वतः तांब्या बुडवला. पाण्यावर बारीक फेस तरंगत होता. त्यानं तो बोटानं बाजूला केला आणि तांब्या तोंडाला लावायला उचलला.

"बापू!"

प्रेमदास माणसं ढकलत पुढं आला आणि तांब्याला फटका मारला. तांब्या दगडावर आपटून घरंगळत गेला. पाणी किसनसिंगच्या धोतरावर सांडलं.

"पिऊ नका बापू. पिऊ नका ते."

"काहून?"

प्रेमदास खाली बघत राहिला.

"काहून रे?" किसनसिंगचा आवाज खाली आला होता. "काय हाय त्यात?"

"परवाच डबा धुतला मी तिथं. तणाचा न्हाई. अळीच्या औषधाचा." त्याला धाप लागली होती. "हातपंपावर बाया धुऊ देत न्हाईत. झिऱ्याचं पानी कोनी पीतच न्हाई, मंग तिथं धुतलं तं काय बिघडते, म्हनून..."

देवळाच्या झडपेवर चिमण्या बसल्या होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

सोजराबाई पुढं आली. वाकून तिनं तांब्या उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या बाजूला पारावर ठेवला. मग प्रेमदासच्या समोर जाऊन उभी राहिली.

"कोनी पीत न्हाई?"

"काकी..."

"मी दगडावर बसलेली असायची. तू पंप धुवायचा. मी घागर घेऊन खाली उतरायची, तू बाजूला व्हायचा. 'काकी, घ्या भरून,' म्हनायचा. नायकाच्या पोराचं नाव माझ्या तोंडून कोनी खरं मानलं असतं?" ती ओरडत नव्हती. रोज ओरडणारी बाई त्या दिवशी अगदी हळू बोलत होती. "बापाच्या हातातला तांब्या पाडला. माझ्या हातातली घागर काहून न्हाई पाडली रे?"

प्रेमदास एक पाऊल मागं सरला. मग म्हणाला, "तुमाला काही व्हत न्हाई असं वाटलं. तुमी... तुमच्याबद्दल म्हनत व्हते ना सारे."

म्हणजे त्यालाही तसंच वाटलं होतं. डाकिणीला विष पचतं असं.

किसनसिंग पारावरून उठला. तो नसाबचा प्रमुख आणि पोरगा त्याचाच. त्यानं पागोटं काढून पारावर ठेवलं आणि म्हणाला, "आज निवाडा मी देनार न्हाई. कारभारी देईल."

मला जे सुचलं ते मी सांगितलं. प्रेमदासनं झिरा पूर्ण उपसायचा, लव्हाळ्यातला एकेक डबा वेचायचा आणि पुढं तिथं कोणी पंप धुताना दिसला तर त्याला तांड्याचं पाणी बंद. प्रतिक्षा मागून म्हणाली, उपसलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, खालच्या गावची गुरं पितात. आणि उपसून लगेच साफ होईल असंही समजू नका, माती धरून ठेवते. बाटलीचा निकाल येईपर्यंत त्याचं पाणी कोणी तोंडाला लावू नये. हे ऐकून पुष्कळांची तोंडं पडली. उपसलं की झालं, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं.

तीज तर बोळवायची होतीच. पिवळी रोपं थोरांच्या पागोट्यात कशी खोवायची? पोरी घुटमळत उभ्या राहिल्या. हिरवी तीज तांड्यात एकच होती, सोजराबाईच्या डब्यात. मिना गेली आणि तिच्यापुढं ओढणी पसरली. मागून बाकीच्या पोरी गेल्या. सोजराबाईनं मुठीनं रोपं उपटून एकेकीला वाटली. थोडी स्वतःजवळ ठेवली आणि माझ्याकडं आली.

"थावरा, वाकतो का? का आधी माझा हात बघतो?"

मी वाकलो. किसनसिंगही वाकला, उघड्या डोक्यानं. त्याच्या कानामागं तिनं दोन काड्या खोवल्या आणि पुढं गेली. पिवळ्या दुरड्या त्या वर्षी ओढ्यात सोडल्या नाहीत. बांधावर खड्डा करून पुरल्या. पोरींनी गाणं म्हटलं, पण ते मधेच तुटलं.

सोजराबाई आता हातपंपावर येते. बाया तिला पुढं जागा देतात, कोणी घागर उचलून बाजूला सरकत नाही. नंबर आला की ती हात पुढं करून पाण्याचा वास घेते, मग चूळ भरून टाकते. घागर भरत असताना ती मागं वळून, रांगेत कोण कोण उभं आहे, ते एकेकाच्या तोंडाकडं बघून घेते. त्या वेळी रांगेत मी असलो तर मीही मान खाली घालतो. घागर भरली की ती आपली आपण डोक्यावर घेते. कोणाला हात लावू देत नाही.